अमृतांजन पूल : जाहिरात गेली, पूल गेला, नाव राहिलं

सलग सुट्ट्या आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात गाड्या अडकतात आणि बातमी येते : ‘अमृतांजन पुलाजवळ वाहतूक कोंडी’. कोंडी खरी असते. पूल मात्र तिथे नाही. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडला असताना, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो सुरुंग लावून पाडला. आणि ज्या जाहिरातीवरून त्याला हे नाव पडलं होतं, ती तर पूल पडण्याच्या कितीतरी आधीच दिसेनाशी झाली होती.

जुन्या इमारतींवरच्या विटलेल्या, रंगवलेल्या जाहिरातींचा विषय निघाला की आपण गिरगावातल्या नाहीतर पुण्याच्या पेठांतल्या भिंती धुंडाळायला लागतो. तिथे सापडतंही पुष्कळ. पण मला हे घाटातलं प्रकरण जास्त ओढतं. एरवी आपण विटलेला रंग वाचतो आणि त्यामागचा धंदा शोधतो. इथे वाचायला रंगच नाही, तो ज्या दगडावर होता तो दगडही नाही. उरलाय फक्त लोकांच्या तोंडातला एक शब्द. त्या शब्दावरून मागे जायचं तर एकीकडे बोरघाटातला रेल्वेमार्ग लागतो आणि दुसरीकडे मुंबईत १८९३ साली सुरू झालेला एक बामचा धंदा. या दोघांची गाठ एका जाहिरातीने घातली.

आधी पुलाबद्दल

पूल पाडला तेव्हा बहुतेक बातम्यांत त्याचं वय १९० वर्षं दिलं होतं, म्हणजे बांधकाम १८३० चं. हा आकडा इतक्यांदा छापून आला की आता तोच खरा धरला जातो. मला तो पटत नाही, आणि त्यासाठी फार खोलात जावं लागत नाही. पूल रेल्वेचा होता, घाटातल्या रस्त्यावरून रूळ पलीकडे नेणारा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. मग १८३० मध्ये घाटात रेल्वेचा पूल कोण बांधेल?

१८३० हे साल मात्र बोरघाटाशी जोडलेलं आहे, रस्त्याच्या बाजूने. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी घाटातला गाडीरस्ता खुला केला. माझा अंदाज असा की कधीतरी कुणीतरी रस्त्याची जन्मतारीख पुलाला लावली आणि पुढच्यांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. विटलेल्या जाहिरातींच्या बाबतीत हा अनुभव नेहमीचा आहे. इमारतीचं साल जाहिरातीला चिकटतं, दुकानाच्या पाटीवरचं ‘स्थापना’ साल इमारतीला चिकटतं, आणि भिंतीवर दिसणाऱ्या सगळ्या थरांना मिळून एकच वय दिलं जातं.

रेल्वेची हकीकत अशी. खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला होता, खालची बाजूही खोपोलीच्या अंगाला येऊन थांबली होती, मधला घाट तेवढा राहिला होता. तेवढ्या पट्ट्यात उतारू पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून जात आणि वर जाऊन पुन्हा रेल्वेत बसत. घाटाचं काम १८५६ पासून चाललं होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची आखणी होती. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आणि २५ बोगदे, असं ते काम. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका सोडला नाही. १८६३ मध्ये घाटातून गाडी वर गेली.

या मार्गात एक चमत्कारिक ठिकाण होतं. डोंगराची धार इतकी अरुंद की रुळांना वळसा द्यायला जागाच नाही. म्हणून तिथे उलटं वळण ठेवलं, ज्याला रेल्वेवाले ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत. खालून गाडी येई, एका टोकाला जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडलं जाई आणि गाडी पाठीचं तोंड करून पुढचा चढ चढे. आपला पूल याच जागेच्या मार्गावरचा. १९२९ मध्ये नवे बोगदे पाडून मार्ग सरळ केला, त्याच सुमारास पुण्यापर्यंत विजेची गाडी आली, आणि उलट्या वळणाचं काम संपलं. रूळ उचलले गेले, पूल उभा राहिला.

थोडं गणित करून पाहा. पुलाने रेल्वे वाहिली ती फार तर ६६ वर्षं. त्यानंतर ९१ वर्षं तो नुसताच उभा होता. कामावर होता त्यापेक्षा निवृत्तीत जास्त जगला. आणि सगळा महाराष्ट्र त्याला ज्या नावाने ओळखू लागला ते नाव रेल्वेशी अजिबात संबंध नसलेलं.

आता बामबद्दल

अमृतांजनचा जन्म मुंबईतला हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मद्रासची कंपनी म्हणून ती माहीत असते, तेही चूक नाही. काशीनाथुनी नागेश्वर राव हे कृष्णा जिल्ह्यातले तेलुगू गृहस्थ, जन्म १८६७ चा. पोटापाण्यासाठी मुंबईत आले आणि १८९३ मध्ये त्यांनी हा पिवळा बाम काढला. तेव्हाची मुंबई म्हणजे गिरण्यांची, गोदीची, तऱ्हेतऱ्हेच्या भाषा बोलणाऱ्या कामगारांची. त्यांत तेलुगू मंडळीही बरीच होती. डोकं दुखणं, अंग मोडून येणं, सर्दी या तक्रारींना भाषा लागत नाही. विलायती पेटंट औषधांच्या बाटल्या महाग. त्यांच्या शेजारी काचेच्या छोट्या बरणीतलं, झाकण उघडताच ओळखू येणाऱ्या वासाचं देशी औषध उभं राहिलं. राव गाण्याच्या मैफलींमध्ये बाम फुकट वाटत असत, असं सांगतात. खरं असेल तर माणूस मोठा हुशार. रात्र रात्र जागून गाणं ऐकणाऱ्याच्या कपाळापेक्षा चांगली जागा कोणती?

नावाकडेही बघण्यासारखं आहे. अमृत आणि अंजन. अंजन हे खरं तर डोळ्यांत घालायचं, आणि हा बाम डोळ्यांत गेला तर काय होतं हे लहानपणी प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेलं असतं. पण शब्द संस्कृत असल्यामुळे तो तेलुगूत, मराठीत, गुजरातीत, कानडीत कुठेच परका वाटला नाही. घाटातून जाणाऱ्या मराठी माणसाने तो आपलाच मानला तो उगीच नाही.

धंद्यातला पैसा रावांनी वर्तमानपत्रात घातला. ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच सुरू केलं. १९१४ मध्ये ते मद्रासला नेलं आणि दैनिक केलं. पुढे ते स्वातंत्र्य चळवळीत गेले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. १९३६ मध्ये कंपनी पब्लिक लिमिटेड झाली आणि १९३८ मध्ये राव वारले. आंध्रात त्यांना ‘देशोद्धारक’ म्हणतात. आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्यांच्या मालाचं नाव मात्र एका पुलाला लागलं आणि रोज हजारो वेळा घेतलं गेलं.

जाहिरातीचं नाव कसं झालं

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. धंद्यावरून ठिकाणाला नाव पडणं आपल्याकडे नवीन नाही. कुंडल रोड स्टेशनाजवळ १९१० मध्ये किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी झाली. कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना, प्रभाकर कंदिलाचा, म्हणून ओगलेवाडी. वालचंदनगर आहेच. ठाण्यात कॅडबरी जंक्शन आहे. उलटा प्रकारही आहे : विलेपार्ल्यात कारखाना निघाला म्हणून बिस्किटाचं नाव पारले झालं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे जमीन होती, चिमणी होती, भोंगा होता, पगार होता. माणसं तिथे कामाला जात आणि म्हणून ते नाव घेत.

बोरघाटात अमृतांजनचं काय होतं? कारखाना नव्हता, गोदाम नव्हतं, दुकानही नव्हतं. पुलावर मोठी जाहिरात होती, बस्स. नुसत्या अक्षरांनी जागेचं नाव मिळवलं. आणि एकदा पुलाचं नाव पडल्यावर शेजारच्या कड्यालाही ते लागलं. खंडाळ्याचा अमृतांजन पॉइंट आजही पर्यटकांच्या यादीत असतो.

जगात याला तोड म्हणून लॉस एंजेलिसचं उदाहरण डोळ्यांसमोर येतं. तिथल्या डोंगरावर १९२३ मध्ये ‘हॉलीवूडलँड’ अशी प्रचंड अक्षरं उभी केली, ती घरांच्या भूखंडांची जाहिरात होती. १९४९ मध्ये शेवटची चार अक्षरं काढली आणि जाहिरातीची खूण झाली. पण तिथे हॉलीवूड हे नाव आधीपासून होतं. आपल्या घाटात नावच जाहिरातीतून आलं.

असं का झालं असावं? मला तीन-चार कारणं दिसतात, पण त्यांतलं एकच महत्त्वाचं वाटतं. घाटात गाडी हळू होते. सपाटीवर जाहिरात डोळ्यांसमोरून जाते. घाटात ती समोर येऊन बसते, वळण संपेपर्यंत हटत नाही. त्यात जुना मुंबई-पुणे रस्ता म्हणजे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारे ट्रक, बॉनेट उघडून पाणी ओतणारे ड्रायव्हर, आणि खिडकीशी बसलेली, गाडी लागलेली माणसं. लहानपणी एस.टी.ने पुण्याला जाताना आईच्या पिशवीत लिंबू, आवळासुपारी आणि बामची डबी ठरलेली असायची. खोपोली सोडली की डबी बाहेर निघायची. डोकं गरगरायला लागतं नेमकं तिथे डोकेदुखीच्या औषधाचं नाव! ज्याने ही जागा निवडली त्याने स्वतः कधीतरी तो घाट एस.टी.ने चढला असला पाहिजे, असं मला नेहमी वाटतं.

वडिलांना मी विचारलं होतं, पुलाला असं नाव का? ते म्हणाले, “जाहिरात होती रे वर.” ‘होती’. म्हणजे तेव्हाच भूतकाळ झाला होता.

दुसरं कारण साधं आहे : त्या पुलाला लोकांच्या उपयोगाचं दुसरं नाव नव्हतं. रेल्वेच्या कागदांत मैल आणि क्रमांक असतील. ते ड्रायव्हरला काय कामाचे? गाडी बंद पडली तर निरोप काय द्यायचा? बिननावाच्या मोठ्या वस्तूवर मोठ्या अक्षरांत एकच नाव लिहिलेलं असेल तर तेच तिचं नाव होणार.

रंग उडतो म्हणजे काय

इथे जरा वाट सोडून रंगाबद्दल बोलतो, कारण इतर भिंती वाचणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

फ्लेक्स येण्याआधी मोठी जाहिरात म्हणजे पेंटर, परांची, सुताची दोरी आणि खडूची पूड. दोरी ताणून झटका मारला की भिंतीवर सरळ रेघ उमटते. अशा आडव्या रेघांमध्ये अक्षरं बसवायची. रंग तेलाचा, त्यात बेलतेल (म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल), पांढऱ्यासाठी सफेदा. ऊन आधी तेल खातं. तेल गेलं की रंगाची भुकटी होते, आणि भुकटी पाऊस धुऊन नेतो. लाल-पिवळे आधी जातात, काळा काजळीचा म्हणून टिकतो, सफेदा चिवट असतो. रंग पूर्ण गेला तरी त्याच्याखालची भिंत बाकी भिंतीपेक्षा कमी झिजलेली असते, म्हणून अक्षरांची सावली राहते. पाऊस नुकताच थांबून भिंत ओली असताना, किंवा सकाळचं तिरपं ऊन असताना ती उठून दिसते. भर दुपारी फोटो काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळा-खंडाळ्यात चार हजारांहून जास्त, वर शेवाळ. पेठेतल्या भिंतीवर जी जाहिरात दोन पिढ्या दिसेल ती घाटात थोडक्यात आटोपते. घाटातली जाहिरात टिकवायची तर ती पुन्हा पुन्हा रंगवावी लागते, आणि ज्या वर्षी मालकाने पैसे द्यायचे थांबवले त्या वर्षापासून ती मरायला लागते.

काळ ओळखायलाही भिंतच मदत करते. किंमत आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, निदान त्या सवयीतली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘मुंबई २’, ‘पुणे ३०’ असं नुसतं असेल तर बहुधा आधीची. इंग्रजीत ‘बॉम्बे’ की ‘मुंबई’, यावरून १९९५ ची रेघ ओढता येते, पण दुकानदार जुनी पाटी सहसा बदलत नाहीत, तेव्हा सावध. त्यापुढे दिवाळी अंकांतल्या जाहिराती, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. शेवटचा कागद मिळवायला चिकाटी लागते, पण दुकान कुणाच्या मालकीच्या जागेत होतं हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

१९९५ सालची आणखी एक गंमत. मुंबईसाठी वारसा इमारतींची नियमावली आली ती याच वर्षी, आणि परवानगीशिवाय दर्शनी जागेवर जाहिरात करणं गुन्हा ठरवणारा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा राज्यात आला तोही याच वर्षी. एका कायद्याने भिंत जपायची, दुसऱ्याने भिंतीवरचं पुसायचं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण भिंतीवरचं चाळीस वर्षांपूर्वीचं असेल तर ते विद्रूपीकरण की वारसा, हा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

पाडण्याचा निर्णय

पुलाचे खांब रस्त्यात होते, हे कुणालाच नाकारता येणार नाही. आडोशी बोगदा ते खंडाळा एक्झिट या पट्ट्यात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. चार आणि सहा अशा दहा मार्गिकांची वाहतूक सहा मार्गिकांत शिरते. त्यात चढ, त्यात वळण, आणि त्यात हे दगडी खांब. एक कंटेनर आडवा झाला की मागे काही किलोमीटर रांग. पूल पाडायची चर्चा बरीच वर्षं चालली होती, पण रस्ता बंद ठेवणं परवडत नव्हतं. करोनाने तो ओस पाडला, रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ४ ते १४ एप्रिल २०२० या दिवसांसाठी परवानगी दिली आणि दुसऱ्याच दिवशी स्फोट झाले. आपण सगळे घरात होतो. पूल पडताना आपण पाहिला तो मोबाइलवरच.

मी पाडण्याच्या विरोधात नव्हतो आणि आजही नाही. ९१ वर्षं रिकामा उभा असलेला पूल जिवंत माणसांच्या वाटेत येत असेल तर त्याने जावं. माझी तक्रार वेगळी आहे. पुलाच्या जाण्यावर जे लिहिलं-बोललं गेलं ते जवळजवळ सगळं ‘ब्रिटिशकालीन’ या एका शब्दात उरकलं. ब्रिटिशकालीन पूल घाटात आणखीही आहेत. याचं वेगळेपण हे की त्याच्यावर तीन काळ एकमेकांवर चढले होते : १८६३ ची रेल्वे, विसाव्या शतकातला देशी औषधांचा धंदा, आणि २००० नंतरचा द्रुतगती मार्ग. यातला मधला थर बातम्यांत एका वाक्यापुरता आला, ‘जाहिरातीवरून हे नाव पडले’ एवढाच. कुणाची जाहिरात, तो माणूस कोण, मुंबईशी त्याचा काय संबंध, याकडे कुणी वळलं नाही. वारसा मोजणारे दगड मोजतात. धंद्याचा इतिहास त्यांच्या रकान्यात बसत नाही, आणि धंद्याचा इतिहास लिहिणारे ताळेबंदाबाहेर बघत नाहीत.

निदान एवढं करता आलं असतं : पाडण्याआधीच्या फोटोंसोबत, ती जाहिरात उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या ट्रक ड्रायव्हरांची, एस.टी.च्या चालकांची, खोपोली-खंडाळ्यातल्या म्हाताऱ्यांची आठवण नोंदवून ठेवायची. अक्षरं मराठी होती की इंग्रजी, रंग कोणता, मुंबईकडून दिसायची की पुण्याकडून. ही माणसं अजून आहेत, पण दरवर्षी कमी होताहेत. यासाठी पुलाची गरज नाही.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हिशेब मजेशीर आहे. भिंतीवरच्या जाहिरातीचा दर चौरस फुटावर आणि महिन्यांवर ठरतो. इथे पैसे देणं थांबल्यावरही नाव फुकट चालत राहिलं, पण कुठल्या वाक्यांत? ‘अमृतांजन पुलाजवळ ट्रक उलटला.’ ‘अमृतांजन पुलाजवळ दरड.’ डोकेदुखीवरचं औषध म्हणून लिहिलेलं नाव डोकेदुखीचं ठिकाण म्हणून चालू लागलं. कुठल्याही जाहिरातदाराने असा करार केला नसता.

त्याच घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. ड्रायव्हर अजूनही तिथे नाणं टाकतात. पुलाचं देऊळ झालं नाही. पण गेल्या गणपतीत आम्ही घाटात तासभर अडकलो होतो, आणि पुढच्या गाडीतला विशीतला मुलगा फोनवर सांगत होता, “अमृतांजनला आहोत, अजून पाऊण तास धर.” मी काच खाली करून वर पाहिलं. वर आभाळ होतं.